यादीचा रविवार

वयाच्या तेविसाव्या वर्षी मी आमच्या मंडळीचा बाप्तिस्म्याचा झगा बोहारणीला दिला, त्याच्या बदल्यात झाकणासकट स्टीलचं एक पातेलं घेतलं आणि पुढचे दोन दिवस स्वतःवर बेहद्द खूश होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पनवेलच्या आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत तुम्ही कधी आलात, तर हे तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवणारच आहे. मी स्वतः सांगितलं तर निदान पातेलं केवढं होतं ते तरी खरं कळेल. लोक हल्ली त्याचा हंडा करून सांगतात.

आणि हे मी केलं कुणाच्या राज्यात, तर ज्या माणसाने जन्मात एक वस्तू टाकली नाही, हरवली नाही आणि दुसऱ्या कुणाला सुखाने टाकू दिली नाही, त्या आमच्या चुलतसासऱ्यांच्या. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या सातव्या दिवशी आमचे चुलतसासरे तिथे हजर असते, तर त्यांनी विश्रांती वगैरे काही घेतली नसती. प्रत्येक झाडाला, डोंगराला आणि जनावराला दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधली असती, आणि आठव्या दिवशी सगळं जागच्या जागी आहे ना, हे फिरून पाहिलं असतं.

आमच्यात चर्चच्या सगळ्या लोकांना मिळून मंडळी म्हणतात, प्रवचन सांगतात ते पाळक, आणि मंडळीच्या चीजवस्तू ज्याच्या ताब्यात असतात तो कारभारी. आमचे चुलतसासरे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, कारभारी होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. बाजारामागच्या गल्लीत आमचं कौलारू चॅपेल, त्याच्या मागे तीन खोल्या. दोन आमच्या, तिसरीत ते. लग्न होऊन मी त्या आवारात आले तेव्हा माझी अशी प्रामाणिक समजूत होती की पनवेल नावाचं गाव मी एस.टी.तून उतरले त्या दिवसापासून सुरू झालं. बी.ए. झाले होते, तेही इंग्रजी घेऊन. मला सगळं येत होतं. स्वयंपाक सोडून.

त्यातून मी नगरकडची. तिकडे आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाण्याचे चार थेंब टाकले की बाप्तिस्मा झाला. बॅप्टिस्टांचं तसं नाही. माणूस मोठा झाला, त्याचं त्याला कळू लागलं, त्याने आपण होऊन मागितलं, की सगळ्या मंडळीसमोर त्याला हौदात उभं करायचं, अख्खाच्या अख्खा पाण्याखाली घालायचा आणि वर काढायचा. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता काकांनी मला विचारलं, "बाप्तिस्मा झालाय?"

"झालाय की. तीन महिन्यांची असताना."

"म्हणजे शिंतोडे," काका म्हणाले. मग माझा चेहरा बघून समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू दे, सूनबाई. पाणी आपल्याकडे भरपूर आहे."

काकांच्या चिठ्ठ्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या असत. अक्षर मोत्यासारखं, मजकूर तारेसारखा. आधी वस्तूचं नाव, मग नग किती, मग तिची हकीकत. चॅपेलच्या मागच्या खोलीत एक मोठी पत्र्याची पेटी होती. ती उघडली की आत सगळ्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, आणि त्यांच्या टोकांना लटकलेला मंडळीचा इतिहास. "चष्म्याची काडी. एक. पहिल्या पाळकांची. दुसरी त्यांच्याबरोबर गेली." "बाजाच्या पेटीची पट्टी. एक. काळी चार. उंदराने कुरतडली. उंदीर मिळाला नाही." "वीट. एक. जुन्या पायरीची. हिच्यावरून तीन नवऱ्या घसरल्या." मी पहिल्यांदा ती पेटी पाहिली तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ थट्टा करतायत. म्हणून मी हसले. काका म्हणाले, "त्यातली तिसरी तुझी सासू."

त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांना कुलपं नव्हती. एकदा मी शहाणपणाने म्हटलं, "काका, या गंजलेल्या काढून टाका की, कमरेला केवढं ओझं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना म्हाताऱ्या आईवडिलांना स्टँडवर सोडून यायला सांगत होते. "आणि कुलूप सापडलं तर?" एवढंच म्हणाले.

चॅपेलमधल्या बाकांवर कोण कुठे बसायचं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण काकांना गेल्या तीन पिढ्यांच्या बैठका पाठ होत्या. एखादा नवखा पाहुणा चुकून एखाद्या गेलेल्या माणसाच्या जागी बसला तर काका त्याला उठवत नसत. उपासना सुरू व्हायच्या आधी हळूच त्याच्याजवळ जात आणि कानात सांगत, "तुम्ही ज्यांच्या जागी बसलात ना, ते फार सुंदर गात." एवढं सांगून निघून जात. पाहुणा बिचारा घाबरून त्या दिवशी जीव तोडून गाई. बँकेत बदली होऊन आलेल्या एका साहेबांनी तर घसा बसेपर्यंत गायलं, आणि पुढच्या रविवारी ते आपण होऊन दुसऱ्या बाकावर गेले. काका तिथेही पोचले. "इथे बसायच्या त्या बाई," ते म्हणाले, "प्रवचनात कधी झोपल्या नाहीत."

रंगाचंही तेच. दर काही वर्षांनी चॅपेलला रंग द्यायचा म्हटलं की काका रंगाऱ्याच्या मागे उभे. दाराआडच्या भिंतीवर जुन्या रंगाचा तळहाताएवढा चौकोन तसाच ठेवायचा, त्याला ब्रश लावायचा नाही. असे तिथे ओळीने चौकोन झालेत. निळा, पिस्ता, मग एक गुलाबी, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, मग मोतिया. प्रत्येकाखाली चिठ्ठी. गुलाबीखाली लिहिलंय, "डीकन पंचांच्या बहुमताने."

काकांनी लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची माझी छाती झाली नाही. पण एकदा पेटी उन्हात टाकायला मदत करत असताना तळाशी एक पाकीट सापडलं. वरची चिठ्ठी मी वाचली. "पत्र. एक. मुलीकडच्यांचं. उत्तर द्यायचं आहे." त्यावरचं तिकीट माझ्या जन्माच्या आधीचं होतं. मी पाकीट होतं तिथे ठेवलं आणि पेटी पुन्हा भरायला लागले.

या सगळ्या संग्रहाचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे यादीचा रविवार. ही आमच्याच मंडळीची रीत, दुसरीकडे कुठे मी पाहिलेली नाही. ईस्टरच्या दोन रविवार आधी, उपासना संपली की कारभाऱ्याने पेटीतल्या वस्तू पुढच्या मेजावर मांडायच्या आणि एकेक वस्तू हातात धरून यादी मोठ्याने वाचायची. प्रत्येक वस्तूला मंडळीने म्हणायचं, "आहे." चष्म्याची काडी, एक. आहे. वीट, एक. आहे. काकांच्या वडिलांनी असा नेम घालून दिला होता की ज्या वर्षी एखाद्या वस्तूला "आहे" मिळणार नाही, त्या वर्षी कारभाऱ्याने किल्ल्या मेजावर ठेवायच्या. बाप-लेकांत मिळून एकदाही तशी वेळ आली नव्हती.

आणि यादीत पहिलं नाव होतं झग्याचं.

त्या झग्याबद्दल काकांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. मी "हो काका, हो काका" म्हणत होते आणि संध्याकाळच्या आमटीला चिंच घालतात की कोकम, याचा विचार करत होते. मला नंतर कळलं ते असं. मंडळी नवीन होती तेव्हा हौद नव्हता, बाप्तिस्मा गाढी नदीत होई. पाण्यात उतरलं की बायकांचे कपडे फुगून वर येत, म्हणून जाड मांजरपाटाचा एक पांढरा झगा शिवला, आणि खाडीवरच्या एका कोळणीने जाळ्याला लावायचं शिसं दिलं, ते त्याच्या खालच्या काठात शिवून टाकलं. झगा खाली राहतो, माणूस वर येतो. तेव्हापासून पाळकांची पोरं, बाजारातले कारकून, जवळच्या नेरे गावच्या शेतकरणी, जो जो बुडी मारून मंडळीत आला तो त्याच एका झग्यात. आणि बाहेर येऊन अंग पुसलं की प्रत्येकाने आपल्या घरून आणलेल्या दोऱ्याने त्या काठात एक टाका घालायचा. शंभरावर माणसांचे टाके पडून तो काठ दोरखंडासारखा झाला होता. काकांना त्यातला टाका न् टाका ओळखू येई. "हा लाल आमच्या आजीचा. हा काळा तलाठीभाऊंचा, त्यांच्याकडे दुसरा दोरा नव्हता. हा वाकडा तुझ्या नवऱ्याचा."

यातलं काहीही मी ऐकलेलं नव्हतं. त्या सोमवारी ईस्टरची साफसफाई म्हणून मी उत्साहाने मागच्या खोलीत शिरले. पेटी उघडली. वरच एक पिवळट पडलेला, कडक, जड झगा. मनात म्हटलं, कुणाचा तरी जुना गाऊन, बिचारे संकोचाने टाकत नाहीत. तेवढ्यात फाटकाशी बोहारणीची हाक आली. आता योगायोग म्हणा, नाहीतर माझं नशीब.

तिने झगा हातात घेऊन तोलला. काठ बोटांनी चाचपला. एकदा माझ्याकडे पाहिलं. "जुनं आहे, ताई," म्हणाली.

"जुनं असलं तरी कापड बघा. हातमागाचं असणार. वजन लागतंय ना?"

"लागतंय," ती म्हणाली, आणि पातेल्यावर आपण होऊन झाकण ठेवलं.

बोहारीण मागितल्याशिवाय झाकण देते, तिथेच मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, ही माझ्या बी.ए.ची जरब. आणि याहून मोठा शहाणपणा पुढेच आहे. झग्याला टाचलेली काकांची चिठ्ठी मी देण्यापूर्वी काढून घेतली होती. वाचली नाही, पण काकांना चिठ्ठ्या आवडतात म्हणून तिची छान घडी घातली आणि पेटीत, झग्याच्या जागी, जपून ठेवून दिली.

त्या संध्याकाळी नव्या पातेल्यात मी वालाचं बिरडं केलं. काकांनी दोनदा वाढून घेतलं. "पातेलं नवीन दिसतंय," म्हणाले. "हो," मी म्हटलं. "चांगलं आहे," ते म्हणाले. "सांभाळ."

बुधवारी काकांनी यादीसाठी पेटी उघडली. दुपारी मी चहा घेऊन गेले तर ते जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या हातात ती घडी घातलेली चिठ्ठी होती. "झगा. एक. सगळ्यांचा." एवढंच तिच्यावर होतं. मी कप त्यांच्याशेजारी जमिनीवर ठेवला.

"चोर असता तर त्याने चिठ्ठी फेकली असती," काका माझ्याकडे न बघता बोलत होते. "ही बघ, कशी घडी घातलीय. चार पदरी. मंडळीत माझ्याशिवाय चिठ्ठी कोण जपतं? म्हणजे झगा मीच काढला. मीच कुठेतरी ठेवला." मग चिठ्ठी पुन्हा घडी करून म्हणाले, "माझं डोकं जायला लागलं बहुतेक, सूनबाई."

तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते. त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा गार होतोय."

रात्रीपर्यंत थांबवेना म्हणून हे कचेरीतून आल्या आल्या मी यांना सगळं सांगितलं. हे बूट काढता काढता थांबले. "हे मला कशाला सांगितलंस?" म्हणाले. "दोन मिनिटांपूर्वी मला काही माहीत नव्हतं. केवढा सुखी होतो मी." आणि तसेच बूट घालून पुन्हा बाहेर गेले. माझ्या संसारात शौर्याचा भाग नेहमी माझ्याच वाट्याला आला, तो असा.

पुढचे दोन दिवस मी काकांना बघत होते. त्यांनी स्वतःची खोली उलटीपालटी केली. मंडळीतल्या घरोघरी जाऊन आले. कुणावर संशय नाही, फक्त, "मी गेल्या वर्षी आलो होतो तेव्हा माझ्या हातात पिशवी वगैरे होती का हो?" ज्या माणसाला शंभर टाके तोंडपाठ, तो माणूस स्वतःच्या धोतराची गाठ दोनदा चाचपून बघायला लागला. कुलूप लावायचा, चार पावलं जायचा, परत येऊन ओढून बघायचा. शुक्रवारी तर त्यांनी मला विचारलं, "मी आज जेवलो का गं?" ते जेवले होते. त्याच पातेल्यातलं.

त्यांच्या किल्ल्या जाणार होत्या हे मला दिसत होतं. पण किल्ल्यांचं त्यांनी काही मनाला लावून घेतलं नव्हतं. आपलं आठवणं आता भरवशाचं राहिलं नाही, हे त्यांनी धरून घेतलं होतं, आणि ते मी त्यांच्या गळ्यात बांधलं होतं.

शनिवारी सकाळी मी बोहारणीला शोधायला निघाले. तळ्याच्या काठाला त्या ओळीने बसत, तिथे ती सापडली. झगा म्हटल्यावर ती हसली. "ते कापड गेलं, ताई. पळस्प्याचे गॅरेजवाले घेऊन गेले पुसायला." मी पळस्प्याला गेले नाही. कुठल्याशा ट्रकचं इंजिन आमच्या झग्याने पुसलं जातंय, हे डोळ्यांनी बघायची हिंमत नव्हती. तिथेच खाली बसले आणि रडायला लागले. रडता रडता समोर तिच्या कपड्यांच्या गाठोड्याकडे लक्ष गेलं. गाठोडं एका जाड, रंगीबेरंगी पट्ट्याने बांधलेलं होतं.

"हा काठ कापेचना," बोहारीण म्हणाली. "कात्रीचं टोक मोडलं माझं. शिसं काढू म्हटलं तर तेही निघेना, इतके टाके. मग घेतला बांधायला. घट्ट बसतो."

मी तो मागितला. ती म्हणाली, बदल्यात काय? पातेलं परत देते म्हटलं, तर म्हणे वापरलेलं नको. शेवटी मी घरी येऊन माझी लग्नातली साडी काढली. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. मोतिया रेशमाची होती, जरीच्या बारीक काठाची, नगरहून आईने निवडून आणलेली. तळ्यावर नेऊन ती दिली आणि तो मळका पट्टा घेतला. बोहारणीने साडी घडी करून पाटीत ठेवली आणि माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं की ती मला घरी पोचवायला येते की काय असं वाटलं.

काका चॅपेलमध्ये होते. दोन्ही गुडघे टेकून बाकांखाली बघत होते. मी तिथेच, मधल्या वाटेत उभी राहून म्हटलं, "काका, झगा मी दिला."

बाकाखालून आवाज आला, "कुणाला?"

"बोहारणीला. सोमवारी."

"आणि चिठ्ठी?"

"मी काढून ठेवली."

"घडी कुणी घातली?"

"मीच."

ते बाहेर आले, बाकावर बसले. आता ते काय म्हणतील या भीतीने मी डोळे मिटून घेतले. "म्हणजे मी ठेवला नव्हता," ते म्हणाले. "नाही काका." "मी विसरलो नव्हतो." "नाही काका, तुम्ही काही विसरला नाहीत." त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की पुढच्या बाकावरच्या गीतपुस्तकाचं पान उलटलं म्हटलं तरी चालेल. मग उठले, कोट चढवला आणि भराभर बाहेर गेले. मला वाटलं, बिचारे एकांतात रडायला गेले.

ते घरोघरी गेले. आख्ख्या मंडळीत, एकही घर न गाळता, चढ्या आवाजात सांगून आले, "माझं डोकं शाबूत आहे हो. सूनबाईने झगा विकला." इतका आनंदी चेहरा त्यांचा मी आधी कधी पाहिला नव्हता. लोकांना आधी वाटलं, घरात काही शुभवर्तमान आहे. संध्याकाळी नेऱ्याची एक म्हातारी मुद्दाम चालत मला बघायला आली. दारात उभी राहून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "आगो, आमी सगली येकाच झग्यान बुडी मारली, न तू त्याचा टोप आणलास? बघू तरी कंचा टोप हाय तो." मी दाखवला. तिने बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाली, "नाय, टोप बरा हाय."

दुसऱ्या दिवशी यादी वाचताना काका मेजापाशी ताठ उभे होते. "झगा, एक," त्यांनी वाचलं. मंडळी गप्प. "सूनबाईने पातेल्याला दिला," काकांनी पुढे वाचलं. "काठ, एक. सूनबाईने साडीला परत आणला." आणि तो पट्टा दोन्ही हातांवर धरून वर केला. मग नेऱ्याची म्हातारी म्हणाली, "हाय." मग सगळे म्हणाले. काकांनी किल्ल्या मेजावर ठेवल्या होत्या. पाळकसाहेबांनी त्या उचलून परत त्यांच्या हातात दिल्या.

राग त्यांना आला, पण सोमवारी. आधी आनंदाला वेळ द्यावा लागला असणार. ईस्टर येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, जे काही ते चिठ्ठीने. "मीठ. कमी." "चहा. एक. चालेल." शेवटी एक दिवस स्वयंपाकघरात गेले तर पातेल्याच्या झाकणाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. "पातेलं. एक. हे आता मंडळीचं." ते त्यांनी पेटीत नेऊन ठेवलं, आणि पुढच्या यादीत त्याला नंबर मिळाला.

बायकांनी नव्या मांजरपाटाचा झगा शिवला आणि त्याला तो जुना काठ लावला. त्या ईस्टरला त्यात पहिली बुडी मी मारली. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच मागितली. हौदात उतरल्यावर ते शिसं पायांशी खाली ओढून धरत होतं, आणि वर आल्यावर पाळकसाहेबांचा हात होता. माझ्या नाकात पाणी गेलं आणि त्या गंभीर प्रसंगी मी इतकी मोठ्याने शिंकले की बाजाची पेटी वाजवणाऱ्याचा सूर चुकला. मग मी काठात टाका घातला. काका शेजारी बसून बघत होते. "तुझाही वाकडाच," म्हणाले. बस, त्यानंतर बोलायला लागले.

त्यानंतर दर वर्षी, यादीच्या रविवारी, माझ्या मुलांसमोर, मग सुनांसमोर, मग नातवंडांसमोर, सूनबाईने पातेल्याला दिला हे वाक्य मोठ्याने वाचलं गेलं. माझी धाकटी नात लहानपणी समजत असे की ते पवित्र शास्त्रातलंच आहे.

पनवेल आता तुम्ही बघताच आहात. चॅपेलच्या उंबऱ्यात उभं राहिलं की पूर्वी कर्नाळ्याचा तो अंगठा दिसे, सुळका म्हणतात तो. मग समोर इमारत उभी राहिली, चौदा मजल्यांची. काका तरीही दर रविवारी उपासनेआधी उंबऱ्यात थांबून तिकडे बघायचे. नव्या लोकांना बोट दाखवून सांगायचे, "सहाव्या मजल्यावर त्या बाईंनी चादर वाळत घातलीय ना, तिच्या मागे आहे." मुंबई-पुण्याकडून राहायला आलेली माणसं आता मंडळीत निम्म्याहून जास्त. त्यांच्यासाठी काचेचं कपाट केलंय, त्यात विटेशेजारी माझं पातेलं आहे, आणि येणारे-जाणारे त्याच्याबरोबर फोटो काढतात. किल्ल्या माझ्या कमरेला आहेत, सगळ्याच्या सगळ्या. काका जाऊन दोन वर्षं झाली.

पण शेवटी शेवटी, नव्वदीच्या जवळ, ते खरोखरच विसरायला लागले होते. आधी फोनवरचे लोक गेले, मग गल्ल्या गेल्या, मग माझ्या मुलांची नावं. एकदा धुवायला टाकलेल्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मला चिठ्ठी सापडली. अक्षर कापरं, पण तेच. "कारभारी. एक. चॅपेलच्या मागे राहतो." मी ती न भिजवता दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

आणि झगा पुन्हा हरवला. दर आठवड्याला, कधी दिवसातून दोनदा, ते घाबऱ्याघुबऱ्या पेटीशी जायचे आणि मला हाक मारायचे. काठ लावलेला नवा झगा दाखवला तर म्हणायचे, हा नाही, तो. मग मी बसून पहिल्यापासून सांगायचे. बोहारीण, पातेलं, झाकण, चिठ्ठीची घडी. एखाद्या गुन्हेगाराने दिला नसेल इतक्या वेळा मी तो कबुलीजबाब दिला असेन. आणि दर वेळी त्यांचा चेहरा उजळायचा, आपण विसरलो नव्हतो म्हणून. मलाही ते आवडायला लागलं होतं. एवढ्याशा मूर्खपणात एका माणसाला इतक्यांदा सुखी करता येतं, हे तेविसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

शेवटच्या त्या मार्चमध्ये एका दुपारी त्यांनी तसंच विचारलं आणि मी तसंच सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. माझ्याकडे निरखून बघत राहिले. माझे केस पांढरे झालेत, गुडघे बोलतात, मी दोन नातवंडांची आजी आहे, यातलं त्यांना काही दिसत नसावं. त्यांनी हाताने मला जवळ बोलावलं, दाराकडे बघून कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेतली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू कुणाला सांगू नकोस, सूनबाई. रविवारी यादी वाचताना मी सांगतो, माझ्या हातून हरवला म्हणून. तू नवीन आहेस. तुला लोक बोलतील."